भिंतीला खिळलेले रूळ

अमरावती, १० जून १९६२

आज कुंदाला सांगून टाकलं, यंदा महालक्ष्म्या आपल्या घरी बसतील आणि त्यांच्यापुढे आगगाडी धावेल. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अकोल्याहून गहू आल्याशिवाय कशा बसतील?" आणि पुन्हा तांदळात डोकं. नवऱ्याच्या उत्साहावर पाणी टाकायला या बाईला पाच शब्द पुरतात.

गव्हाचं म्हणते ते खरं आहे. आमच्या घराण्यात भाऊ वेगळे झाले की थोरल्याच्या घरून मूठभर गहू येतात. पहिल्या वर्षी थोरला स्वतः येऊन ते धाकट्याच्या कोठीत घालतो, मग त्या कोठीवर मुखवटा चढतो. आमचा थोरला म्हणजे दादा, मोरोपंत, अकोल्याला गणिताचे मास्तर. चार वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हापासून आमचं बोलणं नाही. चार वर्षं कुंदा भाद्रपदात लोकांच्या महालक्ष्म्यांना हळदीकुंकवाला जाते आणि तोंड एवढंसं करून परत येते.

वाटणीचा कागद मीच लिहिला होता. वकील घरात असताना बाहेरचा कशाला? मला बाबांची आगगाडी हवी होती, पण चाळिशीच्या माणसानं खेळणं तोंडानं मागायचं म्हणजे लाज. म्हणून कलम घातलं : घरातली सगळी हलती चीजवस्तू धाकट्याची; अकोल्याचं घर आणि त्याच्या भिंतीला-जमिनीला जे जे खिळलेलं असेल ते थोरल्याचं. दिसायला कसं न्यायाचं! दादानं न वाचता सही ठोकली. नंतर गाडी उचलायला गेलो तेव्हा ध्यानात आलं की इंजिन आणि पाच डबे तेवढे सुटे. रूळ, सांधे, सिग्नल, पत्र्याचं स्टेशन, सगळं बाबांनी माडीवरच्या फळीला स्क्रूनं पक्कं केलेलं, आणि फळी भिंतीत ठोकलेली. दादा हसला. म्हणाला, "कलम तुझंच आहे, बंडू." तो हसला नसता तर कदाचित मी रूळ मागितलेही असते.

इंजिन चार वर्षं माझ्या कपाटात पडून आहे. हिरवं, विलायती, चावीचं. अकोल्यातला एक गोरा कापूसवाला सव्वीस साली मायदेशी चालला होता, त्याच्याकडून बाबांनी घेतलं. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या आरासीत ते तीन दिवस चालायचं. चावी दादानं द्यायची, खटका मी सोडायचा. किर्रर्र करत निघायचं, वळणावर टिणटिण घंटी वाजायची, आणि सगळी ताजनापेठ बघायला लोटायची.

मला काय हवं आहे ते इथं लिहून ठेवतो, ही वही कुणी वाचत नाही. दादानं माझ्या घरी यावं, माझी गाडी बघावी आणि त्याच्या तोंडातून एकदा "वा" निघावं. बाकी काही नको.

२४ जून

बाररूममधल्या एका स्नेह्याचा मेहुणा जर्मनीहून इंजिनिअर होऊन आलाय. त्याची खूप मनधरणी करून विजेच्या गाडीचा अख्खा संच मिळवला. काय वस्तू आहे! इंजिन माझ्या मधल्या बोटाएवढं, पण खिडक्यांना काचा, दिव्यात खरा उजेड. डबीवरची कळ फिरवली की निघते, उलटी फिरवली की मागे येते. आवाज म्हणून नाही.

दिवाणखान्यात प्लायवूडच्या दोन फळ्या चार घडवंच्यांवर टाकल्या. पक्षकार आता ओसरीवर बसतात. मदतीला डोमाजी येतो. बडनेऱ्याला रेल्वेत फिटर होता, गेल्या साली निवृत्त झाला. त्यानं आधी बाबांचं इंजिन हातात घेतलं, मग जर्मन इंजिन चिमटीत धरलं आणि म्हणाला, "सायेब, हे गाडी तर त्या गाडीच्या डब्यात बसन."

हसला तर हसला, पण अडचण खरी आहे. दोन्ही गाड्या एका फळीवर विजोड दिसतात आणि एकीचे रूळ दुसरीला चालत नाहीत. तोड मी काढली. पुढून जुनी मोठी गाडी, बडनेरा ते अकोला. मागे गोणपाट चिकणमातीत बुडवून मेळघाटचे डोंगर करायचे आणि त्यांच्यावरून छोटी गाडी सोडायची. लांबची म्हणून लहान दिसते असं वाटेल. एका डोंगरावर सेमाडोहचा फाटा. सेमाडोहला रेल्वे नाही हे मलाही माहीत आहे. माझ्या घरी असेल.

२ जुलै

दादाला पत्र टाकलं. रीतसर, आकडे घालून. पहिले तीन मुद्दे रुळांचे, चौथा गव्हाचा. कलमाप्रमाणे रूळ तुझे हे मान्य, परंतु तुझ्या घरी चालवायला गाडी नसल्याने ते तुला निरुपयोगी आहेत, असं लिहिलं. कुंदा म्हणाली, "प्रकृतीचं काही विचारलं का?" म्हटलं, पत्र आहे, मुलगी बघायला नाही चाललो.

११ जुलै

उत्तर आलं. वहिनींच्या अक्षरात! दादाचं अक्षर असं की अकोल्यातली निम्मी पोरं ते गिरवून शहाणी झाली, आणि सख्ख्या भावाला चार ओळी लिहायला त्याचा हात झिजतो. मजकूर असा : "दादा आशीर्वाद सांगतात. गहू अवश्य पाठवू, आणि रीतीप्रमाणे ते स्वतः येतील. रूळ मीच काढीन म्हणतात, तेव्हा थोडा वेळ लागेल."

वेळ लागेल! पंचवीस-तीस स्क्रू काढायला! असल्या तारखा मी रोज घेतो आणि देतो, मला कुणी शिकवू नये. मुद्दाम लांबवून ऐन वेळी तोंडघशी पाडायचा बेत आहे.

कुंदाला ताकीद दिली, यापुढे या घरात अकोल्याचं नाव निघता कामा नये. तिनं "अहो, पण त्यांना..." असं सुरू केलं होतं. मी हात वर केला. मी हात वर केला की ती गप्प बसते, हा गुण तिच्यात आहे.

२० जुलै

आज डोकं इतकं भणभणतंय की अक्षर सरळ येत नाही.

तारखेसाठी अकोल्याला गेलो होतो. बरोबर पक्षकार खुशालराव, त्यांचा शेताच्या बांधाचा दावा. कोर्टातून स्टेशनकडे निघालो तर टिळक रोडला समोरून दादा आणि विमलवहिनी. लग्नाला तीस वर्षं झाली आणि भर बाजारात बायकोच्या हातात हात! मी थांबलो. म्हटलं, आता रस्त्यात तरी बोलावंच लागेल. त्याची माझी नजरानजर झाली, पाच हातांवरून. कपाळावर एक आठी नाही, ओळख नाही, सरळ माझ्या अंगावरून नजर नेली. वहिनी थबकल्या, त्याच्या कानाशी काही बोलल्या. तेव्हा या गृहस्थानं काय करावं? माझ्याकडे पाठ करून पानवाल्याच्या ठेल्याकडे बघून हसला आणि हात वर केला! पानवाल्याला नमस्कार, भावाला पाठ. मी तरातरा पुढे निघालो. वहिनी मागून "भाऊजी, भाऊजी" करत होत्या. वळून बघितलं नाही.

खुशालराव गाडीत म्हणाले, "वकीलसायेब, मास्तरायचं तुमाले मालूम नाही का? त्याहीले आता..." मी म्हटलं, "खुशालराव, तुमच्या धुऱ्याचं काय ते बोला." बिचारे बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

बाररूममध्ये आणखी एक कळलं. दादानं निवृत्तीला दोन वर्षं असताना शाळा सोडली म्हणे. घरी शिकवण्या लावल्या असतील. नाहीतरी आकड्यांचाच माणूस.

२२ जुलै

ठरवलं. दादाचे रूळ नकोत आणि दादाची चावीही नको. रूळ डोमाजी लोखंडी पट्ट्यांचे करणार. इंजिनातली चावीची कमान काढून तिथे रेडिओवाल्याकडची चिमुकली मोटर बसवायची, कोळशाच्या डब्यात बॅटरीचे दोन सेल. बटण दाबलं की गाडी चालू. चावी देणारा थोरला लागत नाही, खटका सोडणारा धाकटाही लागत नाही.

डोमाजीनं इंजिन बराच वेळ उलटंपालटं केलं. "सायेब, चालतं इंजिन मोडून राहिले तुमी. काहून? याची कमान अजून पंचवीस साल मरत नाही."

"तुला करायचं आहे की नाही?"

"मले काय, मी करतो. पण मांगून मले बोलू नका."

कमान सोडवताना ती फणकन उसळली आणि त्याचा अंगठा कापला. कुंदानं हळद दाबली. मोटर बसली, गाडी चालते. घूंऽऽ करते, पण चालते. चावीचं भोक वाईट दिसत होतं म्हणून डाख देऊन बुजवून घेतलं. कमान भंगारात दिली.

५ ऑगस्ट

दादाला दुसरं पत्र, स्मरण म्हणून. फक्त रुळांबद्दल. रूळ आता नकोत, तरी पाठवलं. त्याला सोडायचं कशाला?

१९ ऑगस्ट

काल बडनेऱ्याला पार्सल आलं. दादाचे रूळ! सगळेच्या सगळे, सिग्नल आणि स्टेशनसकट, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले. बरोबर खणाच्या पुरचुंडीत गहू. म्हणजे शेवटी नमला.

पण देण्यात तरी मोकळेपणा असावा ना? स्क्रूंची डोकी झिजवून टाकलेली. फळीच्या ढलप्या रुळांना तशाच. आंधळ्यानं खरवडल्यासारखं काम. आणि तुकड्यांवर क्रमांक घालायचे सोडून प्रत्येकाला सुतळी बांधलेली, तिला गाठी. पहिल्या तुकड्याला एक, दुसऱ्याला दोन, असं चोवीसपर्यंत. पाचाची एक मोठी गाठ. शाईनं आकडा टाकायला काय धाड भरली होती?

डोमाजी बोटांनी गाठी चाचपत बसला. "चिठ्ठीचं काम गाठीनं काहून केलं असन, सायेब?"

मी म्हटलं, "मास्तर आहेत. परीक्षा घेतल्याशिवाय ते कुणाला काही देत नाहीत."

तो हसला नाही. कुंदानं सतरावा तुकडा उचलला, डोळे मिटून त्याच्या गाठी मोजल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेली. गहू आले म्हणून भरून आलं असेल. चार वर्षं वाट बघितली तिनं.

रूळ गाठींप्रमाणे लावले. एकही तुकडा चुकीचा निघाला नाही, हे मान्य करावं लागेल. महिनाभर आधी पाठवले असते तर इंजिनाची कमान वाचली असती. त्याचा दोष माझ्या माथी नको.

३ सप्टेंबर

गणपती बसले. डोंगर वाळले, रंग दिला. बोगद्यातून छोटी गाडी बाहेर पडते तेव्हा माझं मलाच नवल वाटतं. परवा महालक्ष्म्या. दादा आणि वहिनी सकाळच्या गाडीनं येणार आणि गहू घालून दुपारी परतणार, कारण त्यांच्याकडेही त्याच दिवशी बसतात. मला पाच मिनिटं पुरे आहेत. स्नेह्यांना बोलावून ठेवलंय, साक्षीदार हवेत.

६ सप्टेंबर

कालचं लिहितो. जसं झालं तसंच लिहीन.

स्टेशनवर कुंदा गेली होती. ते आले तेव्हा मी फळीखाली तारा जोडत होतो, म्हणून देवघरात गहू घालताना मी नव्हतो. बाहेर आलो तर कुंदा आणि वहिनी दादाला दोन्ही बाजूंनी धरून दिवाणखान्यात आणत होत्या. मनात आलं, काय हे लाड! नवरदेवासारखं मिरवत आणताहेत. वहिनींनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि दोघी मुखवट्यांकडे आत गेल्या.

पाच-सहा वकील स्नेही होते. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, कुणी बोलायचं नाही, आधी दादाला बघू द्या. मला त्याचं "वा" स्वच्छ ऐकायचं होतं.

कळ फिरवली. छोटी गाडी डोंगरातून निघाली, बोगद्यात शिरली, सेमाडोहला वळली, दिवा लावून खाली उतरली. एक फेरी झाली. दुसरी झाली. दादा मान जराशी तिरपी करून समोर बघत बसला होता, चेहऱ्यावर काही नाही. तिसरी झाली. चौथी फेरी चालू असताना तो म्हणाला,

"बंडू, चालू कर ना आता."

कुणीतरी मागे खुदकन हसलं. माझा तोल गेला. तीन महिन्यांचा राग एकदम तोंडात आला.

"समोर फिरून राहिली आहे ती, दादा! दिसत नाही काय तुला?"

"नाही रे," दादा म्हणाला.

तो रागावला नव्हता. पोरानं साधी शंका विचारावी आणि त्यानं उत्तर द्यावं, तसंच म्हणाला. मग माझ्या आवाजाच्या अंदाजानं तोंड वळवलं, ते माझ्या खांद्यापलीकडे गेलं. "दिवाळीपासून काहीच नाही. काचबिंदू. मला वाटलं, कुंदानं तुला सांगितलं असेल."

गाडी फिरत होती. ती बंद करायचं मला सुचलं नाही.

दादाच पुढे म्हणाला, "ही विजेची असेल, नाही? आवाज नाही हिला. बाबांची लाव ना, बंडू. तिच्यासाठीच आलो. आण, चावी देतो."

मी इंजिन त्याच्या हातात दिलं. दुसरं काय करणार होतो? त्यानं ते मांडीवर घेतलं, अंगठा बरोबर जागेवर गेला आणि तिथे डाखेच्या गुळगुळीत टिकलीवर फिरत राहिला. एकदा, दोनदा. मग त्यानं इंजिन तळहातावर तोललं.

"हलकं लागून राहिलं."

"मोटर बसवली," मी म्हटलं. "कमान काढली."

"तुटली होती का?"

मी वकील आहे, सतरा वर्षं लोकांना उत्तरं पढवतो. मला "हो" म्हणता आलं असतं.

मी ते रुळांवर ठेवून बटण दाबलं. घूंऽऽ करत गेलं. दादा कान देऊन ऐकत होता. वळणावर त्याचं बोट खुर्चीच्या हातावर वर झालं, घंटीच्या जागी. घंटी कमानीवर होती. बोट तसंच वर राहिलं आणि मग खाली आलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. नापास होणाऱ्या पोरालाही तो असंच म्हणतो, मला ठाऊक आहे.

टांगा दाराशी होता. दादाला कुंदानं चढवलं. मी वहिनींना ओसरीवर गाठलं आणि विचारलं, मला कळवायचं नाही का? आवाज वकिलाचाच निघाला.

"तुम्ही विचारलं कधी, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "दोन पत्रं आली, दोन्ही रुळांची. मी वाचून दाखवली. सव्वा महिना ते पेचकस घेऊन त्या फळीपुढे बसत होते, बोटं सोलून निघाली. मला हात लावू देत नव्हते. बंडूनं मागितलेत, म्हणत होते, त्यानं कधी काही तोंडानं मागितलं नाही."

टांगा गेल्यावर कुंदाला म्हटलं, "तुला माहीत होतं."

"दिवाळीपासून. तीनदा सांगायला आले. तिसऱ्यांदा तुम्ही हात वर केला."

९ सप्टेंबर

महालक्ष्म्या उठल्या. तीन दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अंबापेठेतल्या बायका पोराबाळांना घेऊन आल्या, बडनेऱ्याहून रेल्वेची माणसं आली. जो तो "वा" म्हणत होता. एक म्हातारे तर तिन्ही दिवस आले आणि माझी पाठ थोपटून गेले. मी हसत होतो, कळ फिरवत होतो.

आज दादाला पत्र लिहायला बसलो. तीर्थरूप दादास, साष्टांग नमस्कार. पुढे लिहायला लागलो आणि थांबलो. हे वहिनी वाचून दाखवणार. मी जे लिहीन ते त्यांच्या तोंडून बाहेर पडणार, आणि त्या वाचताना मध्येच थांबतील, आणि दादा म्हणेल, "पुढे वाच." कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला.

जाऊन यावं हे मला कळतं. अकोला काही विलायतेत नाही. पण गेलो तर तो "ये, बस" म्हणेल. शिव्या देईल अशी खात्री असती तर आज संध्याकाळच्याच गाडीनं गेलो असतो.

तिसरा कागद मात्र लिहून झाला. महालक्ष्म्या यथासांग पार पडल्या. गहू पावले. रूळ सुस्थितीत असून ते परत पाठवावेत किंवा कसे, याबद्दल कळवावे.

पाकीट बंद करून पेटीत टाकायला कुंदाकडे दिलं. तिनं ते उलटंपालटं करून बघितलं.

"काय लिहिलंत?"

मी म्हटलं, "रुळांचं."